तळमजल्याची चौकशी

पनवेलकडं मी चार दिवस राहून आलो आणि त्या चार दिवसांत फार थोड्या माणसांशी खरं बोललो. वाचनालयाच्या मंडळींनी परवा विचारलं, 'तिकडून काय आणलंत?' तेव्हा आधी टाळलं आणि मग लिहायला बसलो. आपल्या कृष्णाकाठच्या गावातून मुंबईला जाणारे पुष्कळ. पण पनवेलला ते फक्त चहाला उतरतात, लघवीला जातात आणि परत गाडीत येऊन झोपतात. त्याच्या पलीकडं खाडीच्या कडेला गावं आहेत, त्या गावांत माणसं आहेत, हे मला तरी साठी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. सगळी नोकरी एसटीत तिकीट तपासण्यात गेली. घरची म्हणायची, 'तुम्ही देवाच्या मूर्तीकडंसुद्धा तिकीट मागाल.' गाडीत चढलो की पहिल्या नजरेत मला कळायचं कोण फुकट बसलंय. ज्याच्याकडं तिकीट असतं तो गोंधळतो, खिसे चाचपतो, पिशवी उलटी करतो. ज्याच्याकडं नसतं त्याचं उत्तर आधीच तयार असतं.

आता कारण सांगतो. माझी मुलगी रेवती आणि जावई रोडपालीत भाड्यानं राहतात. खाडीच्या बाजूला एका जुन्या गावात नवी तीन मजली बिल्डिंग उठतेय, तिथं त्यांनी तळमजल्याचं घर पसंत केलं होतं. तळमजला कशासाठी, तर माझ्या गुडघ्यांसाठी. लिफ्ट नाही, आणि रेवतीचं म्हणणं, 'बाबा, आई गेल्यापासून तुम्ही एकटे पडलात. आता आमच्याकडंच राहायचं.' रविवारी बुकिंग करायचं ठरलं होतं. दोघांनी इतकी वर्षं पोटाला चिमटा काढून जमवलेलं सगळं त्यात जाणार होतं.

मी फोनवर जावयाला विचारलं, "तिथं पाणी येतं का?"

"बिल्डर म्हणाला, कधीच नाही."

त्याच दिवशी मी पिशवी भरली. गेल्या वर्षी आपल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या पुराच्या आठवणी मी फोनवर रेकॉर्ड केल्या, त्या तुम्ही वाचनालयात बसून ऐकल्यात. त्याच कामाचं वाचनालयाचं शिक्क्याचं पत्र माझ्याकडं होतं. ते घेऊन गेलो. म्हणजे आठवणी गोळा करतोय असं सांगायचं आणि घराची चौकशी करायची. मंडळींनी मला माफ करावं.

गुरुवार

त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही, आणि ते का हे शेवटी तुम्हालाच समजेल. रिक्षावाल्यानं गोदामांच्या आणि कंटेनरच्या रांगांमधून नेलं. दोन्ही बाजूंना मातीचे भराव, मध्येच हिरव्या पाण्याचं डबकं, त्यात एक बगळा. मग अचानक नारळ, कौलांची चार घरं, सिमेंटची चाळीस घरं आणि एक देऊळ. देवळासमोर पारावर पाचसहा जण ऊन खात बसले होते.

आपल्याकडं पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला भिंतीवरची पाण्याची खूण दाखवतात. ऑइलपेंटनं रेघ मारलेली, शेजारी साल. भावाभावांत भांडणं होतात की कुणाच्या घरात पाणी जास्त चढलं. माझा समज असा की पूर म्हटलं की म्हाताऱ्या माणसाला बोलतं करावं लागत नाही, गप्प करावं लागतं. म्हणून मी पत्र दाखवलं, माझ्या गावाचं नाव सांगितलं आणि विचारलं, "तुमच्याकडचा मोठा पूर कुठला?"

"पूर?" पांढऱ्या टोपीचे एक आजोबा म्हणाले. "आमच्याकडं पानी कदी आलाच नाय."

"खाडी एवढी जवळ, तरी?"

"खाडी खाडीच्या जागंला हाय, आमी आमच्या जागंला हाय."

दुसऱ्याला विचारलं. तोही, "नाय." तिसरा, "नाय." एकालाही आठवावं लागलं नाही. एकानंही डोकं खाजवलं नाही की शेजारच्याला 'अरे, त्या साली नव्हतं का' असं विचारलं नाही. माझ्या नोकरीत अशा उत्तराला मी गाडी थांबवली असती.

त्यातल्याच एकानं पाणी प्यायला घरी नेलं. घर छान, टाइल्सचं. पण विजेची बटणं माझ्या डोक्याच्या उंचीला. फ्रिज विटांच्या चौथऱ्यावर, चौथरा चांगला मांडीएवढा. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बटणं एवढी वर का हो?"

"पोरं हात लावतात."

"किती नातवंडं?"

"अजून नाय झाली," तो म्हणाला आणि पाण्याचा तांब्या आत घेऊन गेला.

संध्याकाळी रोडपालीला परतलो. रेवतीनं विचारलं, "बाबा, कसं आहे गाव?" मी म्हणालो, "माणसं चांगली आहेत. ताकास तूर लागू देत नाहीत."

शुक्रवार

दुसऱ्या दिवशी गावात पाय ठेवला तोच तिशीतला एक हसतमुख माणूस पुढं आला. नरेश. बिल्डिंगच्या ऑफिसात काम करतो, येणाऱ्यांना घरं दाखवतो. काल पारावरून माझ्याबद्दल कुणीतरी सांगितलेलं असणार. म्हणजे मी त्यांच्यावर नजर ठेवून होतो आणि ते माझ्यावर.

"काका, जुन्या आठवणी पायजेत ना? माज्या आयीला भेटा. भाताची गानी, लग्नाची गानी, सगला सांगंल."

"पाण्याचं काही?"

"पान्याचा काय सांगनार, पानीच नाय," तो हसतच म्हणाला.

वाटेत त्यानं बिल्डिंग दाखवली. मीच आग्रह केला, 'गावात एवढं मोठं काय चाललंय, बघू दे की.' तिसरा स्लॅब झालेला, पुढचं काम बंद. तळाची घरं थेट जमिनीवर, दोन पायऱ्या चढलं की दार. ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली. भिंतीवर मजल्यांचा मोठा नकाशा, घरांना रंग दिलेले. पांढरी घरं विकायची. पिवळी घरं कुणाची, असं विचारलं, तर नरेश म्हणाला, "ती आमची, गाववाल्यांची. अकरा घरांची जमीन दिली, बदल्यात अकरा फ्लॅट."

तो चहा सांगायला बाहेर गेला तेवढ्यात मी चष्मा लावून नकाशा वाचला. पिवळी घरं अकराच होती. पाच दुसऱ्या मजल्यावर, सहा तिसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावर एकही नाही. पहिल्या मजल्यावरसुद्धा नाही. मी दोनदा मोजली. लिफ्ट नसलेल्या इमारतीत त्या अकरा घरांतली सगळी म्हातारी माणसं वर चढून राहणार होती, आणि खाली राहायला माझी लेक. 

नरेशची आई, बारकूबाई, गावातच भाड्याच्या एका खोलीत होती. बारीक अंगाची, पंचाहत्तरीची, डोळे असे की मला पहिल्यांदाच वाटलं, आज माझंच तिकीट तपासतायत. भिंतीला हात धरून उठली. मी मावशी म्हणालो, ती मला भाऊ म्हणाली. नरेश समोर बसला होता. तिनं मिठागरात मीठ कसं ओढायचे ते सांगितलं, खाऱ्या जमिनीतल्या तांबड्या तांदळाची चव सांगितली, दोन गाणी म्हटली. मी पाण्याचा विषय काढला की ती खोकायची.

बाहेर पडल्यावर मी एकटाच खाडीपर्यंत गेलो. ओहोटी होती. पुढचा चिखल घट्ट वाटला म्हणून पाय टाकला, तर घोट्यापर्यंत आत. पाय निघाला, चप्पल राहिली. जाळं झटकणारी एक कोळीण हसत हसत आली, हात घालून चप्पल काढून दिली आणि म्हणाली, "येकट्यानं फिरू नको, बाबा." आपल्या नदीचं बरं असतं. धरणातून पाणी सोडलं की फोन येतो, भोंगा वाजतो, मग ती येते. इथं पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं, कुणाला सांगत नाही.

शनिवार

शनिवारी नरेश ऑफिसात अडकलेला असणार, गिऱ्हाइकं त्या दिवशी येतात. तो हिशेब करून मी दुपारी बारकूबाईकडं गेलो. सून चुलीपाशी तांदळाची भाकरी थापत होती. पोट चांगलं दिसत होतं, पाचवा महिना. बारकूबाई म्हणाली, "जेवून जा." ताटात निवट्यांचं कालवण आलं. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा बोटभर मासा. चव जबरदस्त, काटे त्याहून. पहिल्याच घासाला काटा अडकला आणि डोळ्यांतून पाणी आलं. सासू-सून दोघी भाताचे गोळे माझ्या हातावर ठेवत होत्या, 'गिल, गिल, चावू नको.' गेला एकदाचा.

सून आत गेली. मी हात धुतले आणि सरळ विचारलं, "मावशी, तुमचे गुडघे दुखतात. मग वरचा मजला का मागून घेतलात?"

तिनं मग माझ्या खिशातल्या फोनकडं बोट केलं. "तो बंद कर."

मी बंद केला. तिच्यासमोर जमिनीवर ठेवला.

"तू दोन दिस पानी पानी करतोस," ती म्हणाली. 'भाऊ' आणि 'तुमी' दोन्ही गेलं होतं. "पन तुला पानी नाय पायजे. तुला ती जागा पायजे. कोनासाठी आलास?"

 "लेकीसाठी," मी म्हणालो. "उद्या तळमजल्याचं घर घेतेय."

"खालचा?"

"खालचा. माझ्या पायांसाठी."

तिनं कपाळाला हात लावला. मग बराच वेळ ती बोलली, आणि ते मी आठवून लिहितोय, कारण रेकॉर्ड काहीच नाही.

तिच्या तरुणपणी गाव आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध होता. त्याच्या आत गोड्या पाण्यावरची भातशेती. उधाणाला बांध फुटला की त्या भगदाडाला खांड म्हणायचे. खांड लवकर बुजली नाही तर खारं पाणी शेतात शिरून तीन-तीन वर्षं पीक नाही.

"बांदावरचा मानूस बोंबलत यायचा, खांड पडली! मंग घरटी येक मानूस, येक फावडा आन येक दार."

"दार कशाला?"

"पान्यात माती टाकली तर र्‍हाते का? व्हावून जाते. आदी दारं उबी करायची, पाठीमागं पेंढा, मंग माती. आमची दारं बिजागरीची नव्हती. खाली-वर खुंट. उचलला का दार हातात. बायका मातीचे गोले करून द्यायच्या, हातावर हात."

त्या वर्षी ती नवी नवरी होती, अंगावरची हळद उतरली नव्हती. सासऱ्यानं घराचं दार उचललं आणि पळाला. खांड बुजली, पण चिखलात गेलेली दारं परत काढता येत नसत. सगळ्या गावाला पावसाळाभर दारं नव्हती. तिच्या सासूनं चौकटीला जुनं लुगडं बांधलं. मग गावानं ठरवलं, कुणाच्याही घरात शिरायचं तर आधी बाहेरून आपलं नाव सांगायचं, हूं आला की आत जायचं.

"माजा दीर आजून नाव सांगूनच येतो," ती म्हणाली. "आता लोखंडाचा दार हाय, बेल हाय, तरी हा बाहेरून बोलतो, 'मी धर्मा.'" आणि ती इतकी मोकळी हसली की सून डोकावून गेली.

"ती खांड कुठं पडायची?"

"तू बगून आलास ना ती बिल्डिंग? तिथंच. दर टायमाला तिथंच. माजा दार खाली पुरलेला हाय."

"आणि आता?"

"आता बांद नाय. सगला भराव, त्याच्यावरच आमी घरं बांदली. पानी गटारातून उलटा येतो. पाऊस आन उधान येका टायमाला आला का..." तिनं हात कमरेला लावला. "दर साल नाय. पन येतो."

एवढं सगळं माहीत असून गाव गप्प का, हे मी जरा रागानंच विचारलं. तीही रागानंच बोलली. मागं अशीच एक बाई वही घेऊन आली होती. सगळ्यांनी तिला पाणी कुठवर चढलं ते हौसेनं दाखवलं, अगदी घरात नेऊन. मग कुठल्यातरी नकाशात रेघ उमटली, आणि रेघेच्या आतल्यांना घर बांधायची परवानगी अडली. रेघ त्या बाईच्याच वहीतून आली का, कुणाला ठाऊक नाही. पण गावकी बसली आणि ठरलं, पुन्हा परक्यासमोर पाण्याचं नाव घ्यायचं नाही. कागद फिरून फिरून एकदाची परवानगी आली. अकरा घरं पाडली. दोन वर्षं अकरा कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत. बिल्डर म्हणतो, खालची घरं विकली गेली की वरचं काम पुरं करतो.

"ही बालंतीन होईल तवा घर पायजे," ती सुनेच्या दिशेनं बघत म्हणाली. "खालची घरं नाय खपली तर आमी कुठं जायाचा? सांग."

 मी तीन दिवस ज्यांना लबाड समजत होतो त्यांच्यातल्या अकरा कुटुंबांकडं एक पडकं घरसुद्धा उरलं नव्हतं.

"तू बाप हायस म्हनून बोलली," ती म्हणाली. "तुज्या लेकीला सांग. बाकी कुनाला नाय. माज्या घरचा जेवलास."

मी हो म्हणालो. जड गेलं नाही, खरं सांगतो. लेक वाचली या आनंदात होतो मी.

संध्याकाळी रेवतीला सांगितलं. ती आधी चिडली, मग रडली. पडदे कुठल्या रंगाचे लावायचे इथपर्यंत तिचं ठरलं होतं. जावई म्हणाला, "बाबा, बरं झालं तुम्ही आलात."

रविवार

कागदपत्रं ऑफिसात दिलेली होती, ती परत घ्यायला आम्ही तिघं गेलो. पत्र्याच्या खोलीत आमच्याआधीच एक जोडपं बसलं होतं, सोबत नवऱ्याची आई. माझ्याच वयाची असेल. नरेश सगळ्यांना चहा देत होता. माझ्या हातात कप देताना म्हणाला, "आयी बोलली, काल तुमाला जेवायला घातला." बाकी काही नाही. पण तो तिथून हलला नाही.

रेवती आत कागद मागायला गेली. त्या जोडप्यातला नवरा सरकून माझ्याजवळ आला. "काका, तुम्हीपण घर बघायला? एक विचारू का? पावसाळ्यात इथे पाणी वगैरे भरतं का हो?"

नोकरीत मी हजारो माणसांना प्रश्न विचारले, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. नरेश हातात ट्रे घेऊन उभा. मला त्याच्या बायकोचं पोट आठवलं. मी कपात बघितलं आणि म्हणालो, "कितवा मजला घेताय?"

"तळमजला. आईला जिना जमत नाही."

"वरचा बघा की. वर हवा चांगली असते."

"वरचा बजेटच्या बाहेर जातो, काका."

"तरी वरचाच बघा," मी म्हणालो. आवाज माझा मलाच विचित्र वाटला. "थोडं थांबा हवं तर. घाई करू नका."

त्याची बायको इतका वेळ ऐकत होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ती नजर मी ओळखतो, जन्मभर मी तीच वापरली. "तुम्ही कुठला घेताय?" तिनं विचारलं.

"आम्ही? आम्ही नाही घेत."

"मग आलात कशाला?"

उत्तर तयार नव्हतं. मी पिशवी चाचपायला लागलो, चष्मा काढला, पुसला, परत लावला. तिनं नवऱ्याला दंडाला धरून बाजूला ओढलं. खोली लहान होती, सगळं ऐकू आलं. "त्यांना आपलाच फ्लॅट हवाय. म्हणून आपल्याला वर पाठवतायत. तू आधी सही कर."

मला एक वाक्य बोलायचं होतं. फक्त एक. 'कमरेएवढं पाणी येतं' एवढंच. तेवढ्यानं एक घर वाचलं असतं आणि अकरा घरं गेली असती. नाही बोललो तर उलटं. मला माझी मनापासून लाज वाटली, आणि तरीही मी बोललो नाही. नवऱ्यानं सही केली. नरेश माझ्याकडं न बघता ट्रे घेऊन बाहेर गेला.

त्या म्हातारीनं सगळं पाहिलं होतं. ती उठून माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. चेहरा ओशाळा झाला होता.

"सुनेचं मनावर घेऊ नका, भाऊ," ती हळूच म्हणाली. "घर आमच्या वाट्याला आलं म्हणून तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

"नाही हो," मी म्हणालो, "सुखानं राहा."